हळद कुठवर आणि डॉक्टर कधी?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गुरांच्या डॉक्टरचा फोन लागत नाही. आदल्या संध्याकाळी बैल दारोदार मिरवलेले असतात आणि प्रत्येक दारात कुणीतरी पुरणपोळीचं ताट घेऊन उभं असतं. एका घरचा एक घास बैलाला काही करत नाही. दहा घरांचे घास मिळून मात्र कोठीपोटात आम्ल वाढवतात. सकाळी बैल मान टाकून उभा दिसतो. रवंथ बंद, पोट गच्च, शेण पातळ आणि आंबूस वासाचं. मग कुणी ताक पाजतं, कुणी हिंग-ओवा देतं, कुणी चुलत्याला विचारून खाण्याचा सोडा कालवतं. दुपारपर्यंत ‘बघू, उतरेल’ चालतं. दुपारनंतर बैल बसतो, आणि या दुखण्यात एकदा बसलेला बैल उठवणं डॉक्टरच्याही हातात फारसं राहत नाही.

यात सोडा चूक नव्हता. थोडंसं अपचन असेल तर सोडा उपयोगीच पडतो. चुकली ती दुपार. घरच्या उपायांची टिंगल करायला मी बसलेलो नाही. आमच्या घरातही कोरफडीची कुंडी आणि हळदीचा डबा गोठ्याच्या अंगालाच आहे. पण इतकी वर्षं जनावरं पाळून एवढं कळलं, की हळदीनं क्वचितच जनावर दगावतं. हळद लावून आपण निवांत झोपतो, ती रात्र त्याला भोवते.

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न जरा जास्तच टोकदार आहे. अहिल्यानगर क्षेत्रफळानं राज्यातला सर्वात मोठा जिल्हा, तालुके चौदा, आणि माणसं गावठाणात कमी, वस्त्यांवर जास्त. प्रवरेच्या पट्ट्यात संकरित गाई, अकोल्याच्या डोंगरात डांगी, संगमनेरच्या नावानंच ओळखली जाणारी संगमनेरी शेळी, पाथर्डी-जामखेडकडे बैल, आणि प्रत्येक वस्तीवर एक तरी कुत्रं. नगरात सावेडीच्या फ्लॅटमध्ये पमेरियन आजारी पडला तर दवाखाना रिक्षानं गाठता येतो. डोंगरातल्या वस्तीवर तसं नाही. म्हणून पहिला हिशेब अंतराचा करावा. डॉक्टरला पोचायला तीन तास लागणार असतील, तर त्याला बोलवायचं की नाही हे शहरातल्या माणसापेक्षा तीन तास आधी ठरवावं लागतं. आपण नेमकं उलटं करतो. लांबून येणार, फी जास्त घेणार, म्हणून आणखी थांबून बघतो.

थांबायचं की बोलवायचं, हे अंदाजानं ठरवू नये. दीड-दोनशे रुपयांचा थर्मामीटर घ्या आणि त्यावर ‘गोठा’ असं लिहून ठेवा, म्हणजे तो घरातल्या पोरांच्या तोंडात जाणार नाही. टोकाला थोडं तेल लावून गुदद्वारात आतल्या बाजूला टेकेल असा मिनिटभर धरायचा. गाईचं तापमान साधारण 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं, शेळीचं एखाद अंशानं जास्त, कुत्र्या-मांजराचं गाईच्याच आसपास. म्हणजे आपल्याला जो ताप वाटतो, तो त्यांचा रोजचा आकडा. कानाला हात लावून ‘अंग तापलंय’ म्हणणाऱ्यावर म्हणूनच माझा विश्वास नाही. तापमान 104 च्या पुढे गेलं तर डॉक्टर. आणि 100 च्या खाली उतरलं तर जास्त घाईनं डॉक्टर, कारण थंड पडत चाललेलं जनावर तापलेल्यापेक्षा वाईट अवस्थेत असतं. हे पुष्कळांना माहीत नसतं. ‘ताप उतरला’ म्हणून आनंदतात आणि तासाभरात जनावर आडवं होतं.

दुसरी खूण गाईच्या डाव्या भकाळीत. शेवटच्या बरगडीमागच्या खळग्यात मूठ दाबून धरा. चांगल्या गाईचं कोठीपोट मिनिटाला एक-दोनदा मूठ उचलतं. पाच मिनिटं काहीच हाललं नाही, तर पोट बंद पडलंय. कुत्र्याची खूण हिरडीत. बोटानं दाबली की पांढरी पडते, सोडली की दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवी. पांढरीफटक, निळसर किंवा पिवळी हिरडी दिसली तर घरात काहीही शोधत बसू नका.

हे आकडे वेळेसकट खडूनं भिंतीवर लिहा. ‘सकाळी 7, ताप 102, रवंथ आहे. दुपारी 12, ताप 103.5, रवंथ नाही.’ फोनवर डॉक्टरला हे वाचून दाखवलंत तर तो गाडीत कोणती औषधं टाकायची ते तिथंच ठरवू शकतो. ‘डॉक्टर, गाय नरम आहे’ एवढ्यावरून त्याला काहीच ठरवता येत नाही.

घरी निभावतं असं बरंच आहे. वरवरचं खरचटणं मिठाच्या कोमट पाण्यानं धुणं, ऊसतोडीच्या बैलाची नुकती आलेली खांदेसूज पहिल्या दिवशी गार पाण्यानं आणि नंतर शेकून उतरवणं, मोठ्या धडधाकट कुत्र्याला एखाददुसरा पातळ जुलाब झाला तर एक वेळ उपाशी ठेवून मग दहीभात देणं, दोन-चार गोचीड चिमट्यानं उपटणं. खांदेसुजीला खरं औषध विश्रांती हेच आहे. पण कारखान्यावर कोपी करून राहिलेल्या माणसाला टायरगाडीचा बैल चार दिवस उभा ठेवणं परवडत नाही, हेही मला कळतं. तिथं निदान दोन बैलांची बाजू बदलून जोत लावावं आणि कातडी फाटून पू दिसला की गाडी थांबवावी.

दगडीचं, म्हणजे कासदाहाचं, थोडं सविस्तर सांगतो, कारण दूधवाल्या घरात सर्वात जास्त पैसा त्यात जातो. आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानं पारंपरिक पशुवैद्यकातला एक लेप देशभर शिकवला. कोरफड 250 ग्रॅम, हळद 50 ग्रॅम, खायचा चुना 15 ग्रॅम, एकत्र वाटायचं. कास धुऊन, सडातलं सगळं दूध पिळून काढून, हा लगदा थोडाथोडा पाण्यात पातळ करून लावायचा, दिवसातून आठ ते दहा वेळा, पाच दिवस. रोज लगदा ताजा. जोडीला दोन लिंबं चारायची. आमच्याकडे लोक सकाळ-संध्याकाळ दोनदा लावतात आणि तिसऱ्या दिवशी ‘गावठी औषधाला गुण नाही’ म्हणतात. दहा वेळा सांगितलेलं औषध दोनदा लावल्यावर गुण कसा येणार?

पण हा लेप दुधात नुकत्या गुठळ्या दिसू लागल्या आणि गाय चारा खातेय, तोवरचा. कास दगडासारखी गरम आणि लाल झाली, दूध पाण्यासारखं किंवा रक्ताळ आलं, गाईनं चारा सोडला, ताप चढला, यातलं काहीही झालं तर लेप चालू ठेवून डॉक्टरला बोलवा. सड निळा आणि गार पडला तर नुसता सडच नव्हे, गाय जाण्याची वेळ आलेली असते. आणि मागच्या वेळची उरलेली ट्यूब सडात सोडू नका. कोणता जंतू आहे हे न कळता अर्धवट प्रतिजैविक दिलं की दुखणं दबतं, पुढच्या वेतात परत येतं, आणि त्या दिवसांचं दूध संकलन केंद्रावर घालणं हा पिणाऱ्याचा घात आहे.

लम्पी चर्मरोगाच्या वेळी घर आणि दवाखाना एकत्र कसे चालतात ते दिसलं होतं. 2022 च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातून राज्यात त्याची बातमी आली, मग आपल्याकडेही आला, जनावरांचे बाजार बंद झाले. विषाणूवर थेट औषध नव्हतं. शेळ्यांच्या देवीची लस गुरांना टोचून संरक्षण दिलं गेलं. त्यामुळे आजारी गाईचा बराचसा भार घरावरच पडला. वेगळं बांधणं, कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं गाठी धुणं, जखमेवर माशी बसू न देणं, हातानं कोवळा घास भरवणं, पाय सुजलेल्या गाईची कूस बदलणं. हे काम कुणी डॉक्टर करू शकला नसता. उलट ताप उतरवणं, जखमेत जंतू शिरले तर ते थांबवणं, न्यूमोनिया ओळखणं हे घरात जमलं नसतं. ‘घरचं की डॉक्टरचं’ असा वाद बहुतेक दुखण्यांत खोटाच असतो.

आता ज्यात एक तासही थांबू नये ते. पोटफुगीत डावी कूस कण्याच्या वर आली, जनावर तोंडानं श्वास घेतंय, तर आधी फोन. डॉक्टर येईपर्यंत पुढचे पाय उंचावर राहतील असं उभं करा, तोंडात आडवी काठी बांधून चघळायला लावा, बसू देऊ नका.

तेल पाजण्याबद्दल माझ्यावर गुदरलेलं सांगतो. काही वर्षांपूर्वी माझी कालवड हिरवा घास खाऊन फुगली. शेंगदाण्याचं तेल फेसाळ पोटफुगीत चालतं हे मला ठाऊक होतं. मी तिची मान आभाळाकडे ओढली, जीभ धरली आणि बाटली घशात रिकामी केली. तिला ठसका लागला. फुगी उतरली, मी शेजाऱ्यापाजाऱ्यांना कौतुकानं सांगितलं. चौथ्या दिवशी कालवड न्यूमोनियानं गेली. तेल फुफ्फुसात उतरलं होतं. डॉक्टरांनी नुसतं विचारलं, “आबा, मान केवढी वर केली होती?” जनावराचं नाक डोळ्याच्या रेषेच्या वर जाता कामा नये, जीभ धरू नये, औषध गालाच्या फटीतून घोटघोट सोडावं, खोकलं की मान सोडून द्यावी, आणि जे जनावर आडवं पडलंय किंवा गुंगीत आहे त्याच्या तोंडात थेंबही घालू नये. माझी कालवड गेल्यावर मला हे कळलं.

गुंगीतलं जनावर म्हटलं की दुग्धज्वर. व्यायल्यानंतर पहिल्या तीन दिवसांत भरपूर दूध देणारी गाय अचानक बसते, मान कुशीवर वळवून ठेवते, कान गार पडतात. नावात ज्वर आहे पण ताप नसतो; रक्तातलं कॅल्शियम दुधात गेलेलं असतं. डॉक्टरनं शिरेतून सावकाश कॅल्शियम दिलं की हीच गाय तासाभरात उठून चारा खाते. पाहणाऱ्याला चमत्कार वाटतो, आणि म्हणूनच पुढच्या वेळी कुणीतरी मेडिकलमधून बाटली आणून स्वतःच शिरेत सोडतो. भरभर गेलेलं कॅल्शियम हृदय थांबवतं. तेवढं करू नका.

पाण्याची पिशवी फुटून गाय दोन तास, शेळी तासभर कळा देतेय आणि पुढे काही सरकत नाही, तर चार माणसांनी दोर लावून ओढू नका. मायांग बाहेर आलं तर गार स्वच्छ पाण्यानं धुवा, ओल्या स्वच्छ फडक्यात धरून ठेवा, कुत्र्या-कावळ्यांपासून जपा, आत ढकलण्याचा प्रयत्न डॉक्टरवर सोडा. रब्बीच्या पट्ट्यात, कर्जत-जामखेडकडे, पाण्याचा ताण बसलेली कोवळी ज्वारी खाऊन जनावर थरथरायला लागलं, धापा टाकू लागलं, तर सायनाइडची विषबाधा झालेली असते. त्यावरचा उतारा शिरेतून द्यावा लागतो आणि हाताशी मिनिटंच असतात. इथं गूळपाणी पाजत बसणारा जनावर गमावतो.

कुत्र्या-मांजरांकडे वळतो. यांच्या बाबतीत घरच्या उपायापेक्षा घरच्या औषधांच्या डब्याची भीती जास्त आहे. माणसाची तापाची गोळी, पॅरासिटामॉल, मांजराला विष आहे. एक गोळीही जीव घेऊ शकते. हिरड्या तपकिरी पडतात, तोंड सुजतं आणि मांजर गुदमरतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या जठरात व्रण पाडतात, मूत्रपिंड निकामी करतात. फिनेल शिंपडून जखमेतल्या अळ्या मारायची सवय मांजरावर कधीही चालवू नका. ते अंग चाटतं. गोचिडांसाठी पिकावरचं कीटकनाशक, रॉकेल, जळकं ऑइल कुत्र्याला चोपडणं हाही त्यातलाच प्रकार. कुत्र्यासाठी मिळणारं गोचिडाचं औषधही न विचारता मांजराला लावू नये.

डायक्लोफेनॅकचा विषय निघालाच आहे तर तो गोठ्यापर्यंत नेतो. जनावरांसाठी त्यावर 2006 मध्ये बंदी आली, कारण औषध दिलेलं जनावर मेलं आणि ते गिधाडांनी खाल्लं की गिधाडं मूत्रपिंड बंद पडून मरत होती. भारतातली गिधाडं त्यामुळे जवळजवळ संपली. तरी लोक माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या आणून गाईला टोचत राहिले, म्हणून 2015 मध्ये माणसांचं इंजेक्शनही तीन मिलीच्या एका मात्रेपुरतंच विकायचं असं ठरलं. 2023 मध्ये किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅकही जनावरांसाठी बंद झाली. गाय लंगडली म्हणून घरातली सुई मारणाऱ्यानं हे ध्यानात ठेवावं. डॉक्टरकडे मेलॉक्सिकॅम असतं, ते गिधाडांना मारत नाही.

पिल्लू उलट्या करतंय आणि घाण वासाचे रक्ताळ जुलाब होताहेत, तर पार्व्हो समजूनच चाला. दोन-तीन दिवसांत निकाल लागतो. तोंडावाटे काही टिकत नाही, सलाईनच लागते. लस दीड-दोन महिन्यांपासून सुरू करून चार महिन्यांचं होईपर्यंत ठरल्या तारखांना दिली असती तर ही वेळ बहुधा आली नसती. न वांझवलेली कुत्री माजानंतर महिना-दोन महिन्यांनी सारखं पाणी प्यायला लागली, मलूल झाली, तर गर्भाशयात पू साठल्याची शक्यता असते. बोका पुन्हा पुन्हा लघवीला बसतोय आणि थेंब येत नाही, तर त्याला बद्धकोष्ठ समजून एरंडेल देऊ नका. दिवसभरात तो जाऊ शकतो.

आपल्या ऊसपट्ट्यात कुत्र्याचा मोठा वैरी बिबट्या. विद्या अथ्रेया आणि सहकाऱ्यांनी अकोले भागात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला. 2014 मध्ये छापून आलेल्या त्या कामात बिबट्याच्या आहारात वजनाच्या हिशेबानं सुमारे 39 टक्के वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला. त्याच्या तावडीतून सुटलेलं कुत्रं वरून बरं दिसतं. मानेवर चार बारीक भोकं. त्यात हळद दाबून भरली की तोंड बंद होतं आणि आत पू साठत जातो. सुळ्यांच्या जखमा धुऊन उघड्या ठेवायच्या आणि त्याच दिवशी दवाखान्यात दाखवायच्या. रेबीजची लसही तिथंच.

रेबीजमध्ये घरचा उपाय एकच, आणि तो फार मोलाचा आहे. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची. माणसाची असो की जनावराची. तिखट, चुना, बिब्बा, तंबाखू काही नाही. त्यानंतर लसीचा पूर्ण क्रम, डॉक्टर सांगतील त्या तारखांना. पिसाळलेलं कुत्रं चावलेल्या गाईला काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी गिळता येईनासं होतं, लाळ गळते, आवाज घोगरा होतो. मालकाला वाटतं घशात काही अडकलं, आणि तो कोपरापर्यंत हात घालून चाचपतो. लाळ गळणाऱ्या, विचित्र हंबरणाऱ्या जनावराच्या तोंडात हात घालू नका, काही पाजू नका, त्याचं दूध काढू नका. हात घातला असेल तर त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन लस सुरू करा. लक्षणं दिसल्यावर रेबीजवर इलाज नाही, ना गाईला, ना माणसाला.

पैशाचं न बोलता हा विषय संपत नाही. लाखाच्या आसपास किमतीच्या दुभत्या गाईसाठी डॉक्टरची फी कुणी मोजत नाही. म्हाताऱ्या शेळीसाठी मोजतो, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. परवडत नसेल तर तेही डॉक्टरला सरळ सांगा. तो स्वस्त औषध सुचवेल किंवा उपचारानं काही साधणार नाही हे प्रामाणिकपणे सांगेल. तिला कोपऱ्यात चार दिवस तडफडू देणं मात्र काटकसरीत बसत नाही. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना आधी आठवा, आणि टोल फ्री 1962 वर फिरत्या पशुचिकित्सा पथकाला फोन लावा. मोटारसायकलवर सुई घेऊन फिरणाऱ्या प्रत्येकाला आपण डॉक्टर म्हणतो, पण 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानं पशुवैद्यकी करायला नोंदणी लागते. नोंदणी आहे का, हे विचारण्यात अपमान नाही. चांगला माणूस हसून क्रमांक सांगतो.

घरचा उपाय करायचाच असेल तर सुरू करतानाच त्याची मुदत ठरवा. ‘सहा वाजेपर्यंत रवंथ केला नाही तर फोन’ असं घरच्यांना मोठ्यानं सांगा, म्हणजे सहा वाजता आपण ‘अजून एक तास’ म्हणू लागलो की कुणीतरी आठवण देईल. आमच्या घरी ते काम माझी सून करते, आणि ती मला एक मिनिटही सूट देत नाही.

आज संध्याकाळी धारा काढून झाल्या की गोठ्याच्या भिंतीवर 1962 आणि आपल्या डॉक्टरचा नंबर ठळक लिहा, खाली शेवटच्या लसीची तारीख. वीज गेल्यावरही वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात.